गौरीचे हात

"घोणवलीला कुठनं जायाचं?"

दारात उभी असलेली बाई विचारत होती. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, तिच्यातून पाणी गळत होतं. हातात झाकणाची वेताची पाटी. वय पन्नाशीच्या पुढचं. पाच वाजताच्या एस.टी.तून ती एकटीच उतरली असणार. त्या गाडीतून आमच्या वसाहतीत आठ-आठ दिवस कुणी उतरत नसे.

मी म्हणालो, "मावशी, घोणवली आता नाही. धरणात गेली. बारा वर्षं झाली."

"ते मला नगं सांगू. माझं म्हायेर हाय ते, आन् सासरबी." तिनं खोळ काढून झटकली. "मी वरच्या टेकाची वाट इचारतीया. पयली वाट गावातनं व्हती. आता गावच न्हाई, तर वाट कुठनं काढायची?"

तिचं नाव ठकूबाई शेडगे. गाव उठलं तेव्हा सगळ्यांना माढ्याच्या पुढं, माळावर जमिनी मिळाल्या होत्या. तिथून तीन गाड्या बदलून ती आली होती. कशासाठी, तर गौरीच्या फुलांसाठी. आधी काही वर्षं गावातली चार-पाच माणसं मिळून येत, पलीकडच्या काठानं होडीतून टेकाला जात. मग होडी बंद पडली, आणि माणसांचंही येणं बंद झालं.

"आता वाट चढायची नाही," मी म्हणालो. "तासाभरात अंधार पडेल, आणि शेवाळ आहे. सकाळी मी येतो बरोबर. अकराला गाडी आहे, तिनं परत जा."

"आन् रातच्याला?"

"दोन खोल्या आहेत."

तिनं आत डोकावून पाहिलं. चुलीऐवजी स्टोव्ह, दोरीवर महिन्याभराचे न वाळलेले कपडे, कोपऱ्यात बिनतारी यंत्र.

"बायकू कुठं हाय?"

"माहेरी. विट्याला."

"बाळातपनाला?"

"नाही."

तिनं पदर खोचला आणि पीठ कुठंय म्हणाली.

मी त्या वेळी धरणावर बिनतारी यंत्रचालक होतो. सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, भिंतीवरच्या पट्टीवर धरणाची पातळी बघायची आणि दोन्ही आकडे वर कळवायचे. पूर असला की दर तासाला. एक जून ते पंधरा ऑक्टोबर रजा नाही. धरण बांधताना दीडशे घरांची वसाहत उभी केली होती. काम संपलं, माणसं गेली, दारं-खिडक्याही कुणीकुणी काढून नेल्या. उरलो मी आणि तातोबा नावाचा चौकीदार, आणि तोही पाच वाजले की आपल्या वाडीला जायचा. माझी बायको शालन तिथं एक पावसाळा राहिली. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी माहेरी गेली आणि म्हणाली, बदली करून घ्या, मग येते. मी दर वर्षी अर्ज करत होतो. तिची पत्रं आधी आठवड्याला येत, मग महिन्याला, मग दिवाळीला.

सकाळचे आकडे कळवून आम्ही टेकाला निघालो. ती पुढं, मी मागं. वाट ठाऊक नाही म्हणणारी बाई निम्म्या चढावर वाट दाखवायला लागली. वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या होत्या आणि त्यांच्यावर वेल चढलेले होते. पानाचं टोक दोऱ्यासारखं वळलेलं, त्यानं काटेरी फांदी धरलेली. फुलं मान खाली घातलेली, पण पाकळ्या वर उलटलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक, कडा कुरळ्या. चार वर्षं मी या टेकाखाली राहत होतो आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

"ही कळलावी ना?" मी विचारलं. नाव ऐकून होतो.

"आमी गवरीचं हात म्हंतो." तिनं एक फूल तळहातावर धरलं. "आमची गवर मुखवट्याची न्हाई. तेरड्याची जुडी बांधायची, तिला लुगडं नेसवायचं आन् दोन्ही अंगाला ह्ये हात लावायचं. तेरडा तिकडं आमी बी टाकून उगवला. हात न्हाईत. होडी बंद पडल्यापासनं पोरी बिनहाताच्या गवरीला ओवाळत्यात. लगीन करून आल्याल्या पोरींस्नी वाटतंय, आमची गवर थोटीच असती."

"मुळासकट न्यायचं ना एखादं. तिकडं लावायचं."

"न्हेलं की. तीनदा न्हेलं. फुलावर असताना उपटलं की मरतंय. गड्डा काढायचा तर थंडीत, येल वाळून गेल्यावर. आन् थंडीत आलं तर वर कायबी दिसत न्हाई. एवढ्या डोंगरात कुठं खनायचं?"

तिनं मोजून बारा फुलं घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीत ठेवली. मला म्हणाली, "हात धू. इखारी झाड हाय. ढोरं तोंड लावत न्हाईत."

अकराच्या गाडीनं ती गेली. मी खोलीवर आलो तेव्हा लक्षात आलं की माझा घसा बसला आहे. आदल्या संध्याकाळपासून मी किती बोललो होतो! शालनबद्दल बोललो, बदलीच्या अर्जांबद्दल बोललो, लहानपणी विहिरीत पडलो होतो तेही सांगितलं. दुपारी वर आकडा कळवताना पलीकडचा माणूस म्हणाला, "आवाज खराब येतोय, परत सांगा."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेकावर गेलो आणि पाच वेलांच्या बुडाशी दगड रचून आलो.

जानेवारीत त्या दगडांपाशी खणलं. गड्डे निघाले. नांगराच्या फाळासारखे वाकडे, दोन फाट्यांचे, पांढरे आणि कडकन मोडतील असे. पाचही मी क्वार्टरच्या पुढच्या तारेच्या कुंपणाशी लावले.

तातोबानं ते बघितलं. "सायेब, कळलावी दारात लावू नये. घरात भांडनं लागत्यात."

"घरात कोण आहे भांडायला?"

तातोबा हसला नाही. विडी काढून दुसरीकडं बघत बसला.

पाचातले तीन उगवले. उन्हाळाभर ती जागा उघडी मातीच होती. मी रोज सकाळी तिथं जाऊन उभा राहत होतो. जूनच्या मध्यावर जमिनीतून हिरवी बोटं वर आली. जुलैत वेलांनी तार धरली. पानाचं टोक तारेला एकदा गुंडाळलं की वारा कितीही येवो, ते सुटत नसे. भाद्रपदात कुंपणाच्या त्या बाजूला वीसेक फुलं होती.

गणपती बसले त्या दिवशी ठकूमावशी एस.टी.तून उतरली आणि रस्त्यातच थांबली. पाटी खाली ठेवली. कुंपणापाशी येऊन तिनं एकेक फूल हातानं चाचपून बघितलं, जसं आंधळं माणूस एखाद्याचं तोंड बघतं.

"कुनी लावलं?"

"मी."

"कुनासाठनं?"

मी तिची पाटी उचलली. म्हणालो, "तुम्हाला चढ झेपत नाही म्हणून."

त्या वर्षी टेकावर चढावं लागलं नाही, म्हणून वेळ उरला. सकाळी तिनं मला तांदळाच्या पिठाची घावनं करून घातली, माझ्या शर्टाची बटणं लावली. गावच्या गोष्टी सांगितल्या. पाण्याकडं बोट करून म्हणायची, "त्या बेटाच्या अल्याड आमचं घर. त्याच्या अल्याड माझ्या बाचं. हाक मारली तर ऐकू जायाचं. लगीन झालं तवा वरात निघाली आन् लगीच पोचलीबी." जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "बायकूला पत्तर टाक. तू टाक. ती टाकंल म्हनून बसू नगं."

मी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. पण पुढचं वर्ष मी भाद्रपदाकडं बघत काढलं, एवढं खरं. मावशीसाठी एक गोधडी विकत आणली. एक ताट आणलं. कुंपणाचे वेल वाढले, आठ झाले.

तिसऱ्या वर्षी ती आली तेव्हा गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. गाडीच्या पायरीवरून उतरताना कंडक्टरनं हात दिला. घरात येऊन तिनं पाय लांब केले आणि म्हणाली, "बाबा, आता मला येनं व्हत न्हाई. पोरगा वराडतोय. अंकुस म्हंतो, कुठं मरून पडशील आन् आमाला कळायचं न्हाई. तू असं कर. थंडीत मला गड्डं धाड. तुला तर जागा ठावी हाय. कुठं हाय, कुठं न्हाई, सगळं ठावं हाय. तीन धाड. एकदा का तिकडं लागलं की मग कुनाला यायला नगं."

"हो," मी म्हणालो.

"इसरनार न्हाईस?"

"नाही विसरणार."

"आक्ख्या वस्तीला सांगून आलीया मी. फुडच्या साली सगळ्यांच्या गवरींस्नी हात."

जानेवारीत मी तीन गड्डे काढले. माती झटकली, सुतारमेटावरून लाकडाचा भुसा आणला, त्यात ते ठेवून पुडकं बांधलं. वर पत्ता लिहिला आणि साताऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिलं. तो ओळखीचा होता. त्यानं पुढच्या गाडीला दिलं आणि आठ-दहा दिवसांत पोचल्याचं कार्ड आलं. तिची सून रतन सातवी शिकलेली होती, तिनं लिहिलेलं. "गड्डे मिळाले. आईंनी दाराम्होरं लावले आहेत. आई म्हणतात, तब्येतीला जपा."

चौथ्या वर्षी ती येणार नव्हती. गणपतीच्या दिवशी पाचची गाडी आली तेव्हा मी यंत्रापाशी बसून होतो. बाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी वळली, हॉर्न वाजला, आणि मग पायरीवर कुणीतरी काठी टेकल्याचा आवाज आला.

ती दारात उभी होती. एका वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झालेली. पाटी तीच.

"आलात?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"आले."

"गड्डे?"

"न्हाई आलं." ती भिंतीला टेकून खाली बसली. "लई केलं. सावली केली, राख घातली, रोज तांब्याभर पानी घातलं. बायका येऊन बघून जायाच्या. आखाड सरला तरी माती फुटली न्हाई."

"काळी जमीन आहे तिकडं," मी घाईनं म्हणालो. "पाणी धरून ठेवते. कुजले असतील."

"असंल."

"निचरा लागतो त्याला."

"असंल की. बायका म्हनल्या, ही जमीनच वायली हाय, आपल्या डोंगरातलं कायबी घ्यायची न्हाई. मीबी व्हय म्हनलं."

त्या संध्याकाळी मी जेवण केलं. तिला उठू दिलं नाही. ती फार बोलली नाही. मीच बोलत राहिलो. धरणाचे दरवाजे त्या साली किती वेळा उघडले, तातोबाच्या मुलीचं लग्न कसं झालं, असलं काहीबाही. मधेच बघावं तर ती माझ्याकडं टक लावून बघत असायची. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई. वाळलास."

सकाळी तिनं कुंपणावरची फुलं काढली. मी गड्ड्यांचा विषय पुन्हा काढला नाही आणि तिनंही मागितले नाहीत. गाडी आली. पायरी उंच होती. मी तिला दोन्ही काखांत धरून वर चढवलं. ती खिडकीशी बसली, पाटी मांडीवर घेतली. मला वाटलं ती म्हणेल, आता येणार नाही. तेही म्हणाली नाही. म्हणाली, "पावसात उभा ऱ्हाऊ नगं, जा आत."

तो भाद्रपद, आश्विन आणि दिवाळी कशी गेली ते सांगता येत नाही. आकडे कळवत होतो. शालनच्या भावाचं पत्र आलं, त्यात तिला आता मोकळं करा असं लिहिलं होतं. मी त्यांनी पाठवलेल्या कागदावर सही करून दिली. वाईट वाटायला हवं होतं, पण मनात दुसरंच चालू होतं. वेल वाळले. मी रोज त्या जागेकडं बघायचो आणि मान फिरवायचो.

जानेवारीत एका सकाळी कुदळ घेतली आणि कुंपणाची सगळी कड उकरून काढली. नऊ गड्डे निघाले. प्रत्येक गड्डा वेगळा कापसात गुंडाळला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रचला. चार दिवसांची रजा टाकली आणि तीन गाड्या बदलून मी माढ्याच्या पुढं उतरलो.

नवी घोणवली म्हणजे सरळ रेषेत आखलेली घरं, मधे रुंद रस्ता, एकही झाड त्याच्या जागी आपणहून उगवलेलं नाही. शेडग्यांचं घर विचारत गेलो. दारात एक बाई भांडी घासत होती. मी नाव सांगितलं तशी ती हात पुसत उठली. ती रतन.

"तुमी धरनावरचं बाबरभाऊजी?" तिनं मला निरखून बघितलं. "या. आई आत हायेत. उठता येत न्हाई त्यास्नी."

"का? काय झालं?"

"तुमाला कळलं न्हाई? गवरीला तुमच्याकडनं येताना फाट्यावर गाडीतनं उतरताना पडल्या. खुबा मोडला. पाटी सोडली असती तर दांडी धरता आली असती. पाटी सोडली न्हाई." तिनं ओले हात पुन्हा पदराला पुसले. "गवर तर बसली. हात लावलं. आई सोलापूरला दवाखान्यात."

मी तिथंच ओट्यावर बसलो. रतननं पाणी आणून दिलं. ते मी घेतलं आणि प्यायला विसरलो.

आत खाटेवर ठकूमावशी उशीला टेकून बसली होती. मला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला, झाकण उघडलं.

तिनं एकेक गड्डा कापसातून काढला. उजेडाकडं धरला. गड्ड्याच्या फाट्याच्या टोकाला, जिथं बारीक फुगीर कोंब असतो, तिथं अंगठ्यानं हळूच चाचपलं. एक झाला, दुसरा झाला, नऊही झाले.

"समद्यांचं डोळं धड हायेत," ती म्हणाली.

मी डब्यातला कापूस सारखा करत राहिलो.

"त्या साली तिन्हींचं मोडल्यालं व्हतं. एकाचं मोडलं असतं तर म्हनले असते, वाटंत मोडलं."

रतन बाहेर गेली होती. मी खाली बघत होतो.

पहिल्या वर्षी पाचातले दोन उगवले नव्हते. ते मी नंतर उकरून बघितले. गड्डे नुसते पडून होते, फक्त टोकांचे डोळे खणताना तुटलेले. तेव्हा मला कळलं होतं की या झाडाचा सगळा जीव त्या टोकांतच असतो. ती गेली की बाकीचा गड्डा कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. आणि त्या जानेवारीत पुडकं बांधायच्या आधी, पायरीवर उन्हात बसून, मी नखानं एकेक डोळा मोडला होता. दोन्ही फाट्यांचे. तीन गड्डे, सहा डोळे. मग भुशात नीट ठेवले, हलू नयेत म्हणून.

"तुम्हाला तेव्हाच कळलं?" मी विचारलं.

"पुडकं सोडलं तवाच. मी डोंगरातली हाय, बाबा."

"मग लावले कशाला? पाणी कशाला घातलंत?"

"बायका दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या व्हत्या. काय सांगू त्यास्नी? मानसाचं नाव घेन्यापरीस जमिनीचं घेतलं." तिनं एक गड्डा पुन्हा कापसात ठेवला. "राग आला व्हता. लई आला व्हता. म्हनलं, ह्याचं तोंड बघायचं न्हाई. आखाड गेला, सरावन गेला. मंग गनपती आलं, आन् वाटलं, ते येडं पाचच्या गाडीकडं बघत बसलं असंल."

"मावशी, तुमचा पाय माझ्यामुळं…"

"पाय पायरीमुळं मोडला. गप." मग दुसरा गड्डा कापसात ठेवत म्हणाली, "तोंडानं सांगायचं असतंय रं. ये म्हनायचं. मी आले असते. पाय घासत आले असते. पर सांगायचं."

मला रडू आलं नाही. फार वर्षांनी कुणीतरी माझ्याशी भांडत होतं आणि ते संपू नये असं वाटत होतं. पण ती तेवढंच बोलली, आणि मग रतनला हाक मारून म्हणाली, ह्याला भाकरी वाढ.

जेवल्यावर मी दारापुढं वाफा केला. रस्त्याच्या कडेचा मुरूम आणून काळ्या मातीत मिसळला, वाफा उंच घेतला, पाणी साचू नये म्हणून. अंकुश शेतावरून आला, माझ्याशी बोलला नाही, पण कुंपणाला लावायला बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या. शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. नऊच्या नऊ गड्डे मी बोटभर खोल, आडवे निजवून, डोळा वरच्या अंगाला ठेवून लावले आणि हात धुतले.

आतून तिनं विचारलं, "किती लावलंस?"

"नऊ."

"आनलं किती व्हतंस?"

"नऊ."

"आन् तुला?"

मी म्हणालो, "मला काय करायचंय?"

खाटेचा करकर आवाज झाला. ती उठायला बघत होती. "रतन, बघ गं ह्या येड्याकडं! समदं उपटून घिऊन आलाय. आरं, तू तिकडं काय बघशील? जा, एक काढ. आत्ताच्या आत्ता काढ. मोठा घे, यंदाच फुलंल असा."

तिला खाटेवरून वाफा दिसत नव्हता. मी बाहेर आलो, गुडघ्यावर बसलो, बोटांनी माती सारली. सगळ्यात धाकटा गड्डा करंगळीएवढा होता. एवढ्या गड्ड्याला पहिल्या वर्षी नुसता वेल येतो, फूल येत नाही. तो कापसात गुंडाळून डब्यात ठेवला.

"मोठा घेतलास न्हवं?" निघताना तिनं विचारलं.

"मोठा घेतला."

त्या वर्षी जुलैत माझ्या कुंपणाला एक वेल आला. हातभर वाढला, एका तारेला धरून राहिला. गणपतीच्या दिवशी पाचच्या गाडीतून कुणी उतरलं नाही. कुणी उतरणार नव्हतंच. मी पावसात फाटकापर्यंत जाऊन आलो.

पंधरा दिवसांनी रतनचं कार्ड आलं. "गौर बसली. आपल्या वाफ्यात पाच वेल आले, फुलं अकरा. शेजारी दोघींना दिली. आईंना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं होतं, त्यांनी स्वतः गौरीला हात लावले. आई विचारतात, तुमच्याकडं किती आली ते जरूर कळवा. वाट बघतात."

मी कार्ड घेऊन दारात बसलो. वेल होता तेवढाच होता, हिरवा, बिनफुलाचा. पेन काढलं, पत्ता आधी लिहिला. मग मजकूर लिहिला: "मावशीस नमस्कार. माझ्याकडं तीन आली. दिवाळीनंतर रजा मिळेल, तेव्हा येतो. यायचं आहे."